अर्धा यार्ड जातो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलला ऑफिशियल, म्हणजे पंच, म्हणून दुसरा सीझन चालू आहे, जागा साइडलाइनवरच्या लाइन जजची. चेंडू कुठे डेड झाला, म्हणजे खेळ कुठे थांबला, ते नीट दिसतं, पण आत येऊन ती जागा दाखवायला पाय रोवला की समोरच्या साइडलाइनवरून आलेल्या लाइन्समनच्या स्पॉटशी अर्ध्या-एक यार्डाचा फरक निघतो. कोच ओरडतात. नजर कशी सुधारायची?

नजरेचं राहू द्या. चष्म्याचा नंबर बदललेला नसेल तर ती ठीकच असणार. दुसऱ्या सीझनला स्पॉट चुकतो तो पायांमुळे, आणि तोही बहुतेक वेळा शिट्टी वाजल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत. मी न्यू जर्सीत चौदा सीझन विंगवर, म्हणजे साइडलाइनला, उभा राहतोय, आधी लाइन जज, मग लाइन्समन. त्याआधी पुण्यात क्लब क्रिकेटला अंपायरिंग करायचो. त्यामुळे इकडे आल्यावर वाटलं होतं, चेंडू आणि रेषा, यात नवीन शिकायचं काय? पहिल्या दोन सीझनमध्ये हा माज पूर्ण उतरला.

हा खेळ फक्त टीव्हीवर पाहणारेही हे वाचत असतील, म्हणून दोन-चार वाक्यं. आक्रमक संघाला चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचं असतं. यार्ड म्हणजे आपला वार. हे अंतर मोजायची दहा यार्डांची चेन म्हणजे नऊवारीहून एक वार जास्त, हे मी माझ्या आईला सांगितलं तेव्हा तिला हा खेळ पहिल्यांदा थोडा कळला. प्रत्येक डाउननंतर चेंडू जिथे डेड झाला तिथून पुढचा डाउन. ती जागा ठरवणं म्हणजे स्पॉट देणं, आणि मैदानाच्या मधल्या बहुतांश धावांना ते काम दोन्ही साइडलाइनवरच्या विंग ऑफिशियलचं, म्हणजे लाइन्समन आणि लाइन जज यांचं. एका सामन्यात शंभरच्या वर वेळा ते करावं लागतं. त्यातले नव्वद कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

आता आधी हे पक्कं करा की आपण खूण कशाची करतोय. माणूस कुठे पडला याची नाही. चेंडू सुमारे अकरा इंच लांब आहे, त्याचं पुढचं टोक त्या क्षणी कुठे होतं, याची. हे पुस्तकात वाचलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं, आणि तरी मैदानावर डोळा जातो गुडघ्याकडे. गुडघा टेकला हे बघायलाच हवं, कारण हात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हायस्कूलमध्ये खेळ तिथेच थांबतो, मग कुणी पाडलेलं असो वा आपणहून घसरलेला असो. पण गुडघा सांगतो ‘केव्हा’. ‘कुठे’ हे चेंडू सांगतो. उंच पोरगा पुढे झेपावला की त्याचा गुडघा आणि त्याच्या हातातला चेंडू यांत सहज दीड यार्ड असतं. गुडघा टेकल्यावर हात लांब केला तर ते मोजायचं नाही. आधी लांब केला असेल तर पूर्ण मोजायचं. म्हणून मी धावपटूच्या कमरेवर नजर ठेवून चालतो आणि पकड बसली की चेंडूवर येतो. गुडघा तेव्हा नजरेच्या कडेला आपोआप दिसतो. उलटं केलं तर चेंडू मात्र आपोआप दिसत नाही.

फॉरवर्ड प्रोग्रेस, म्हणजे धावपटू पुढे जिथवर पोचला ती जागा, समजवायला मी आपल्या लोकांना कबड्डी सांगतो, पण उलटी करून. कबड्डीत रेडरला पकडून मागे खेचला की तो मागेच गेला. मध्यरेषेला बोट लागलं तरच सुटला. इथे बचाव करणाऱ्यांनी धावपटूला उचलून तीन यार्ड मागे नेला तरी जिथपर्यंत तो पुढे पोचला होता ती जागा त्याचीच. मात्र तो स्वतःच वाट शोधत मागे वळला आणि तिथे पकडला गेला, तर ते तीन यार्ड त्याने स्वतः घालवले. हवेत उडी मारून झेल घेणाऱ्याचंही असंच. बत्तिसाव्या यार्डावर त्याने चेंडू धरला आणि बचावपटूच्या धक्क्याने तो तिसाव्या यार्डावर आपटला, तर स्पॉट बत्तीस. धक्का नसताना तो स्वतःच मागे येऊन उतरला, तर नाही.

इथवर नियम. आता पाय.

क्रिकेटमध्ये रनआउटची शक्यता दिसली की बॉलरकडचा अंपायर स्टंपमागून धावत बाजूला जातो आणि क्रीजच्या सरळ रेषेत उभा राहतो. का जातो? कारण तिरकं बघितलं तर बॅट रेषेच्या आत आहे की बाहेर हे कुणालाच कळत नाही. फुटबॉलमध्ये तीच क्रीज दर डाउनला नव्या जागी असते, आणि ती आखलेली नसते. तुम्ही चेंडूच्या मागे उभे असाल, म्हणजे आक्रमण ज्या बाजूने आलं त्या बाजूला तीन यार्ड, तर धावपटूच्या पोटाशी धरलेला चेंडू तुम्हाला त्याच्या पलीकडच्या गवतावर दिसतो. चेंडू जमिनीपासून दोन-अडीच फूट वर असतो ना. तुमच्या डोळ्यातून निघालेली रेषा चेंडूला लागून पुढे कुठेतरी जमिनीला टेकते. म्हणून मागे राहिलेला ऑफिशियल उदार स्पॉट देतो आणि पुढे निघून गेलेला कंजूष. तुमचा फरक नेहमी एकाच बाजूला पडतो का, ते तपासा. पडत असेल तर तुमचं निदान इथेच झालं.

धावपटूच्या बरोबरीने धावायचं नाहीच आहे. त्याच्या थोडं मागे राहूनच जायचं, नाहीतर तो आत वळला की तुम्ही पुढे अडकता. पण पकड बसल्यावर त्याचा वेग मोडतो आणि तुम्हाला एक-दोन सेकंद मिळतात. ते दोन सेकंद साइडलाइनला समांतर धावत त्याच्या सरळ रेषेत यायला वापरा. तिथे पोचायच्या आधी खेळ संपला तर जमिनीवरची एखादी खूण डोळ्यांनी पकडा: हॅशची, म्हणजे मैदानाच्या आतल्या खुणांच्या ओळीची, एखादी छोटी रेघ, पडलेल्या खेळाडूचा बूट, नुसता गवताचा उखडलेला तुकडाही चालतो. हॅशवर दर यार्डाला खूण असते, ती याचसाठी सोयीची. खूण पकडली की मग तुम्ही हला, ती हलणार नाही. बुटाचा मात्र भरवसा नाही, पोरगं उठून निघून जातं.

मग काटकोन. साइडलाइनवरून चेंडूच्या सरळ रेषेत या, थांबा, आणि तिथून नव्वद अंशात वळून सरळ आत चला. तिरकं, सर्वात जवळच्या वाटेने ढिगाकडे धावायचं नाही. सगळे प्रशिक्षक हे सांगतात, पण हिशोब सांगत नाहीत, तो मी सांगतो. हायस्कूलच्या मैदानात हॅश मार्क साइडलाइनपासून ५३ फूट ४ इंचांवर असतो, म्हणजे मैदानाच्या रुंदीचे बरोबर तीन समान भाग. मधल्या ढिगापाशी यायला तुम्हाला पंधरा-वीस यार्ड चालावं लागतं. पंधरा यार्डांच्या चालीत दिशा फक्त दोन अंशांनी कलली की अर्धा यार्ड गेला. दोन अंश! रस्त्यात उठणाऱ्या एका लाइनमनला (हा खेळाडू, लाइन्समन नव्हे) वळसा घातला तरी त्याहून जास्त होतात. वळसा घालावा लागला तर परत आपल्या खुणेवर या. बरेच जण येत नाहीत, वळशाच्या दिशेनेच पुढे चालत राहतात.

माझा स्वतःचा किस्सा याच वळशाचा आहे. दुसरा सीझन, चौथा डाउन, दोन यार्ड हवे होते, पावसाने मैदान निसरडं. धाव माझ्याच बाजूला आली. मी सरळ रेषेत होतो, चेंडू स्वच्छ दिसला, शिट्टी दिली. आत येताना पायाशी एक हेल्मेट आलं, मी खाली बघितलं, बाजूने गेलो, आणि ऐटीत पाय रोवला. चेन आली. चेंडूचं टोक चेनच्या पुढच्या खांबाच्या तीन कड्या अलीकडे राहिलं. त्या संघाचा चेंडू गेला. रविवारी व्हिडिओ बघितला तर मी वळलो तेव्हा माझे खांदे योग्य जागी होते, आणि पाय रोवला तेव्हा मी जवळपास अर्धा यार्ड मागे होतो. आमच्या क्रूचे रेफ्री, म्हणजे मुख्य पंच, तेव्हा सत्तरीच्या घरातले होते. त्यांनी तो तुकडा मला चार वेळा दाखवला, बोलले काहीच नाहीत. पाचव्यांदा मीच म्हटलं, बस, कळलं.

पाय कुठला रोवायचा यावर वाद घालणारे लोक आहेत. आमच्याकडे आक्रमण ज्या गोल लाइनकडे चाललंय त्या बाजूचा पाय. तुमच्या क्रूमध्ये उलटं असेल तर उलटं करा, पण दोन्ही विंगचं एकच हवं. एकाने डावा आणि एकाने उजवा ठेवला की दोघांचा स्पॉट बरोबर असूनही मधे चेंडू ठेवणाऱ्या अंपायरला पायाच्या फटीएवढा फरक दिसतो, आणि मग तो मधोमध चेंडू ठेवून मोकळा होतो. पाय रोवला की तो चेंडू जमिनीवर येईपर्यंत उचलायचा नाही. मान मात्र वर. चेंडू मिळाला की खेळ संपला असं आपल्याला वाटतं, पोरांचं भांडण तेव्हाच सुरू होतं. खाली बुटाकडे बघत चालणारा विंग त्या तीन सेकंदांतला ठोसा कधीच बघत नाही.

दर वेळी ढिगापर्यंत आत यायचीही गरज नसते. पहिला डाउन, चार यार्ड मिळाले, कुणाला काही वाद नाही: दोन-चार पावलं आत या, स्पॉट धरा, अंपायरला दिसलं की पुरे. तिसरा डाउन आणि एक यार्ड हवं असेल तेव्हा मात्र जोरात, सरळ, ढिगाच्या कडेपर्यंत. ताकद दाखवायला नव्हे. पंचवीस हात-पाय आणि त्यांत एक चेंडू, तो लांबून दिसतच नाही म्हणून.

आणि दिसला नाही तर शिट्टी नाही. चेंडूचं चामडं दिसल्याशिवाय शिट्टी तोंडात जाताच कामा नये. खेळ नियमाने थांबतो, शिट्टी फक्त कळवते. ती अर्धा सेकंद उशिरा वाजली तर काहीच बिघडत नाही. चुकून आधी वाजली आणि चेंडू ढिगातून निसटून बाहेर पळत असला, तर त्या संध्याकाळी तुमच्याशी गाडीपर्यंत कुणी बोलणार नाही.

आता तुमच्या प्रश्नातला मला सर्वात महत्त्वाचा वाटलेला भाग: दोघांचा फरक. धावपटूची पाठ तुमच्याकडे असेल आणि चेंडू त्याच्या पलीकडच्या हातात असेल, तर तुम्ही त्याच्यापासून पाच यार्डांवर असूनही स्पॉट समोरच्याचा आहे, तो तीस यार्डांवर असला तरी. हे सामन्याआधीच्या मीटिंगमध्ये ठरवायचं असतं. आत येताना पहिल्या दोन पावलांत समोर बघायचं. त्याने छाती पुढे काढून ठाम पावलं टाकली तर त्याच्याकडे नक्की आहे. तुम्ही त्याच्या रेषेत या, म्हणजे आरशासारखे. तुमच्याकडे नक्की असेल तर तुम्ही तसे चाला. दोघांनाही नक्की वाटलं तर? तर ज्याला चेंडू दिसला त्याचा. ज्याला फक्त पाठ दिसली त्याने गुपचूप सरकायचं. अहंकार बाजूला ठेवून, पाऊल न अडखळता. पाय रोवून झाल्यावर सरकलात तर ते अख्ख्या स्टँडला दिसतं. आणि समोरचा चौदा सीझनचा आहे म्हणून दर वेळी त्याचं बरोबर, असंही नाही. मी लाइन्समन असताना दुसऱ्या सीझनच्या लाइन जजकडे बघून सरकलेलो आहे.

हा फरक सर्वोच्च पातळीवरही होतो. २६ जानेवारी २०२५ ची व्यावसायिक लीग एनएफएलमधली एएफसी चॅम्पियनशिप आठवा, कॅन्सस सिटीत, बफेलो बिल्स आणि चीफ्स. चौथं क्वार्टर, बिल्स २२-२१ पुढे, चौथा डाउन, काही इंच हवेत, चेंडू कॅन्सस सिटीच्या ४१ यार्डांच्या आसपास. बिल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, जॉश ॲलन ढिगात घुसला. एका बाजूचा ऑफिशियल अंतर भरून नवा पहिला डाउन मिळेल अशा जागी आला, दुसरा त्याच्या मागे. शेवटी मागचा स्पॉट धरला गेला, रीप्लेमध्येही तोच राहिला, आणि चीफ्स ३२-२९ ने जिंकले. कुणाचं बरोबर यात मी पडत नाही. चेंडू दिसतच नव्हता अशा ढिगात कॅमेऱ्यांनाही उलटवायला पुरेसं काही सापडलं नाही. पण दोन ऑफिशियल दोन जागी आले की स्पॉट बरोबर असो वा चूक, विश्वास गेलाच.

साइडलाइनचा हिशोब जरा वेगळा. चेंडू आतल्या हातात धरून पळणाऱ्याचा बूट रेषेला लागला तर स्पॉट बुटाचा नाही, त्या क्षणी चेंडूचं टोक जिथे होतं तिथला. दोन्ही एकदम बघणं अवघड जातं, म्हणून मागे राहा. अंगावर आला तर तुम्हाला ना बूट दिसणार ना चेंडू. आणखी एक गोष्ट नवीन लोक विसरतात. धावपटूची प्रगती मैदानात थांबली आणि मग त्याला ढकलत बाहेर नेला, तर तो बाहेर गेलेला नाही. घड्याळ चालूच राहतं, आणि तसा हात फिरवून दाखवायचा. कोच तुमच्या कानाशी ‘आउट, आउट’ ओरडत असतो, कारण तो हरत असतो.

बाहेर गेलेल्या पंटचा, म्हणजे लाथेने दूर मारलेल्या चेंडूचा, स्पॉट मला आजही सर्वात आवडतो, कारण त्यात एक छोटंसं नाटक आहे. चेंडू हवेतच साइडलाइन ओलांडून गेला, तर रेषेवर उभ्या ऑफिशियलला तो डोक्यावरून जाताना दिसतो, पण नेमका कुठे ओलांडली हे त्याला कळत नाही. ते कळतं पंटरच्या मागे उभ्या रेफ्रीला, कारण चेंडूच्या उड्डाणाच्या मागे तोच सरळ रेषेत असतो. मग रेषेवरच्याने जिथे वाटतं त्याच्याही पुढे जायचं, वळायचं, हात वर करून रेफ्रीकडे बघत सावकाश साइडलाइनवरून परत चालत यायचं. रेफ्रीचाही हात वर असतो. उड्डाणाच्या रेषेत तुम्ही आलात की तो हात खाली मारतो, तिथे थांबायचं. प्रेक्षकांना वाटतं दोघे एकमेकांना टाटा करतायत. दोन सूचना: खरोखर पुढे जा, कमी पडलात तर उलट चालावं लागतं आणि हसं होतं. आणि चेंडू टप्पा खाऊन, जमिनीवरून बाहेर गेला असेल तर हे सगळं नको, तो तुमचाच स्पॉट.

बीनबॅगबद्दल, म्हणजे खूण म्हणून टाकायच्या छोट्या पिशवीबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या वयाचे ऑफिशियल ती उगाच टाकतात. साध्या डेड-बॉल स्पॉटला तुमचा पाय पुरतो. बीनबॅग अशा जागेसाठी, जिथे खेळ अजून चालू आहे आणि तुम्हाला पुढे पळायचंय, पण ती जागा नंतर लागू शकते. पुढे गेलेल्या धावपटूच्या हातून चेंडू सुटला ती जागा, कारण मागाहून पेनल्टी आली तर तिथून मोजायची वेळ येते. पंट जिथे झेलला किंवा अडवला ती जागा. पंट मारणाऱ्याच संघाच्या खेळाडूने बचावाच्या आधी चेंडूला हात लावला ती जागा, कारण समोरच्यांना तिथे चेंडू घ्यायचा पर्याय राहतो. असे दोन-तीन स्पर्श झाले तर प्रत्येकाला खूण हवी. आणि बचावपटूने स्वतःच्या पाच यार्डांच्या आत झेल घेतला आणि स्वतःच्या वेगाने गोल लाइनमागच्या एंड झोनमध्ये वाहत गेला, तेव्हा. ही शेवटची खूण चुकली तर दोन गुणांचा प्रश्न येतो. बॅग फेकू नका, रेषेवर सोडा. आणि कंबरेला दोन ठेवा.

गोल लाइन. पाच यार्डांच्या आतून स्नॅप, म्हणजे डाउनची सुरुवात, असेल तर स्नॅपबरोबर थेट गोल लाइनवर जाऊन उभे राहा आणि तिथून खेळ मागे वाचत या. धावपटूच्या बरोबर चालत गोल लाइनला पोचलात तर तुम्ही उशिरा पोचलात. चेंडूचं टोक गोल लाइनच्या उभ्या भिंतीला नुसतं लागलं की सहा गुण, आणि ते टोक तुम्ही स्वतः बघितलेलं असावं. इथे आरसा बंद: समोरच्याने हात वर केले म्हणून आपण करायचे नाहीत. आक्रमण करणाऱ्या संघाच्या स्वतःच्याच गोल लाइनच्या अगदी जवळून आक्रमण सुरू होत असेल तेव्हा उलट्या दिशेचंही भान ठेवा. क्वार्टरबॅक मागे एंड झोनमध्ये पकडला गेला की सेफ्टी, म्हणजे समोरच्यांना दोन गुण.

मोजणीचा भाग तुम्ही लाइन्समन झालात की अंगावर येईल, पण लाइन जजलाही त्यात काम आहे. चेन साइडलाइनवर लावतात तेव्हा ती मधल्या चेंडूशी डोळ्यांनीच जुळवलेली असते. म्हणून मागच्या खांबाजवळच्या पाच यार्डांच्या रेषेच्या मागच्या कडेवर चेनला एक क्लिप लावतात. मोजायची वेळ आली की लाइन्समन क्लिपपाशी चेन धरून आत धावतो, आणि तुम्ही आधीच चेंडूच्या सरळ रेषेत, त्याच पाच यार्डांच्या रेषेवर पाय ठेवून उभे असता, म्हणजे तो वाकडातिकडा न येता थेट तुमच्याकडे येतो. क्लिप रेषेवर, अंपायर पुढचा खांब ताणतो, रेफ्री बघतो. क्लिप लावायला विसरलेली चेन क्रू मी एकदा पाहिली आहे. लाइन्समन आत निघेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तो मीच होतो. खांब उचलण्याआधी क्लिप बघणं हे लाइन्समनचं काम आहे.

याच चेनची गंमत म्हणजे ती इंचात मोजते, आणि जे मोजते ती जागा आपण पंधरा यार्डांवरून चालत येऊन ठरवलेली असते. डिसेंबर २०१७ मध्ये ओकलंडला काउबॉइज-रेडर्स सामन्यात रेफ्री जीन स्टेरॅटोर यांनी चेंडू आणि खांबामध्ये घडी घातलेला कागद सरकवून पाहिला होता, तेव्हा लोक खूप हसले. मला हसू आलं नाही. तो कागद फक्त चेंडू आणि खांबामधली फट बघत होता. चेंडू तिथे ठेवला कुणी, तर एका विंगच्या पायाने. एनएफएलने २०२५ पासून चेनऐवजी हॉक-आय कॅमेऱ्यांनी मोजायला सुरुवात केली, चेन आता तिथे राखीव. पण चेंडू ठेवायची जागा तिथेही माणूसच ठरवतो.

म्हणून मोजणी टाळण्याची एक युक्ती. किकनंतर किंवा चेंडू दुसऱ्या संघाकडे गेल्यावर नवा पहिला डाउन सुरू होतो तेव्हा जमेल तिथे चेंडू पूर्ण यार्डाच्या रेषेवर ठेवा. म्हणजे दहा यार्डांची हद्दही रेषेवरच येते, आणि तिसऱ्या डाउनला नुसतं बघून कळतं. हे चौथ्या डाउनच्या स्पॉटला करायचं नाही, हे सांगायला नको. नको ना? एकदा सांगावं लागलंय.

डाउनचा आकडाही बोटातल्या रबर बँडवर ठेवत जा, आणि दुसऱ्या बँडवर चेंडू कुठल्या हॅशवर होता ते. ६ ऑक्टोबर १९९० ला मिसुरीतल्या कोलंबियात कॉलेजच्या सामन्यात कोलोराडोला चुकून पाचवा डाउन मिळाला, आणि ते ३३-३१ ने जिंकले. खेळाडू, कोच, प्रेक्षक, सगळे तिथेच होते. २०१९ पासून हायस्कूलला चाळीस सेकंदांचं प्ले क्लॉक, म्हणजे पुढचा डाउन सुरू करायची मुदत, आलं, ते चेंडू डेड झाला की लगेच सुरू होतं; विचार करत बसायला वेळ नाही, बँड सरकवायची सवयच लागते.

न्यू जर्सीत बरीच मैदानं टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताची, आहेत, आणि त्यावर सॉकर आणि लॅक्रॉसच्याही रेषा, पिवळ्या-निळ्या. रात्रीच्या दिव्यांत लॅक्रॉसची एखादी रेषा यार्डाच्या रेषेसारखी वाटते. सामन्याआधी मैदानावर एक फेरी मारताना त्यांतल्या फसव्या जागा बघून ठेवा.

आता घरचा अभ्यास. शनिवारी सकाळी रिकाम्या मैदानावर जा, मुलाला किंवा मित्राला बरोबर न्या. त्याने हॅशजवळ पोटाशी चेंडू धरून उभं राहावं, कुठे ते त्याने मनात ठेवावं. तुम्ही साइडलाइनवरून तीन यार्ड मागून बघा, जागा सांगा; मग सरळ रेषेतून बघा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की काटकोन कुणी शिकवावा लागत नाही. मग डोळे जमिनीवर न ठेवता साइडलाइनपासून हॅशपर्यंत वीस वेळा चाला आणि दर वेळी मागे वळून बघा, कुठे कललात. माझा कल डावीकडे होता, उजवा गुडघा जुना आहे म्हणून. आणि तुमच्या सामन्यांचा व्हिडिओ मिळत असेल तर पुढच्या शुक्रवारचा घ्या, चेंडू बाजूला ठेवा, फक्त स्वतःचं वळल्यानंतरचं पहिलं पाऊल बघा. ते यार्डाच्या रेषेला समांतर पडतंय की ढिगाच्या दिशेने, आणि कुठल्या बाजूला, तेवढं मला कळवा. बाकीचं मग बोलू.